निळा देवमासा आणि घार: तुलना शेपटीपासून सुरू करा

भाच्याला पाचवीत दोन प्राण्यांची तुलना करायचा प्रकल्प मिळाला. त्याने निळा देवमासा आणि घार निवडली, वहीत दोन रकाने आखले. हा मोठा, ती छोटी. हा पाण्यात, ती हवेत. चार ओळींत विषय संपला. तुमच्याकडेही असंच चाललं असेल, तर आम्ही काय केलं ते सांगते.

आधी वही मिटा आणि चारच्या सुमारास पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जा. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढत असते आणि घारी पंख न हलवता तिच्यावर गिरक्या घेतात. मुलाला फक्त शेपटीकडे बघायला सांगा. मधे खाच असलेली ती शेपटी घार सारखी पिळते, कधी डावी कड खाली, कधी उजवी. वळवायचं काम शेपटीचं, पुढे न्यायचं पंखांचं.

देवमाशात कामं बरोबर उलटी. पुढे ढकलते शेपटी, आणि तोल सांभाळतात वल्ह्यासारखे पुढचे अवयव, ज्यांच्या आत हाताची हाडं असतात. माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते, याची वर-खाली. कारण हा मासा नव्हेच. याचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालत. जोरात धावणाऱ्या कुत्र्याची पाठ कशी वर-खाली वाकते ते दाखवा, मुलाला लगेच पटतं. वहीतलं पहिलं पान या शेपट्यांना द्या.

खाण्याचं थोडक्यात उरकलं तरी चालेल: देवमासा कोळंबीसारखे बारीक जीव पाण्यासकट तोंडात घेतो आणि पाणी गाळून टाकतो, घार पंजाने उचलते, कित्येकदा उडता उडताच खाते. पण एक साम्य सोडू नका, दोघांतही मादी नरापेक्षा मोठी असते.

आकार मात्र आकड्यांत लिहून भागत नाही. चित्र ५० पट लहान काढा: २५ मीटरचा देवमासा ५० सेंटीमीटर, घारीचे पसरलेले पंख जेमतेम ३. मग सुतळी घ्या. आमच्या सोसायटीचं पार्किंग १८ मीटरलाच संपलं, उरलेला देवमासा धरून मी गेटबाहेर उभी राहिले. आत भाच्याने दोन्ही हात पसरले. घारीचे पंख साधारण दीड मीटर, म्हणजे त्याच्या हातांहून टीचभरच जास्त.