घिरट्या घालताना नको, सुटताना मोजा
शरदात शिकारी पक्षी दक्षिणेकडे निघाले की माझ्या सुट्ट्या डोंगरमाथ्यावर जातात. पहिल्या वर्षी मी गरम हवेत घिरट्या घालणारा एकच थवा तीनदा मोजला आणि तीन वेगळे आकडे आले. तेव्हापासून नव्या माणसाला मी आधी हेच सांगते: थवा गोल फिरतोय तोवर हातातल्या काउंटरच्या कळेवर बोट ठेवू नका.

ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवेचे खांब उठतात. घारी, गरुड, मोहोळ घारी पंख न हलवता त्यात वर वर चढतात. अगदी माथ्यावर पोहोचलेला पक्षी पंख जरा आत घेतो आणि पुढच्या खांबाकडे घसरत निघतो. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. माळेतून मणी ओघळावेत तशी ती ओळ लागते, आणि मोजायचं ते याच वेळी. समोरचं एक झाड आणि एक सुळका धरून मनात रेघ ओढा. रेघ ओलांडली की एक, उलटा फिरला की एक वजा. रांग दाट असेल तर आधी दहा पक्षी सुटे मोजा, ते आकाशाची किती लांबी व्यापतात ते डोळ्यांत बसवा आणि त्याच मापाने पुढे सरका. मग काउंटरची एक कळ म्हणजे दहा.

पाण्यावर असे खांब नीट उठत नाहीत. म्हणून रुंद पंखांचे पक्षी समुद्र टाळतात आणि चिंचोळ्या वाटांवर गर्दी करतात. काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वतांच्या मधल्या, जॉर्जिया देशातल्या बातुमीवरून एका शरदात दहा लाखांहून जास्त जातात. ससाण्यांना मात्र खांबांची एवढी गरज नसते. अमूर ससाणा तर हिंदी महासागर ओलांडतो. ससाणे आणि भोवत्या नावाचे शिकारी पक्षी सकाळी लवकरही निघतात, तेव्हा ऊन चढायची वाट बघत बसू नका.

दुर्बीण आठ किंवा दहा पटीची पुरे. स्वच्छ निळं आकाश सुंदर दिसतं, पण त्यात उंचावरचा पक्षी विरघळून जातो. पांढऱ्या ढगांच्या कडा सावकाश चाळा, तिथे ठिपके उठून दिसतात. दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नका.

ओळख पटली नाही तर ‘अनोळखी शिकारी पक्षी’ असं लिहा. अंदाजाने जात ठोकून दिली की पूर्ण दिवसाची नोंद बिघडते, हे मला मनापासून खटकतं. दर तासाला वारा, ढग, दृश्यता आणि मोजणारे किती होते तेही टिपा. तास रिकामा गेला तर शून्य लिहा. कोरी जागा सोडली तर कुणी बघतच नव्हतं असा अर्थ निघतो.

वयाचा रकानाही ठेवा. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर 1934 साली मोजणी सुरू झाली. पांढऱ्या डोक्याचे प्रौढ गरुड आणि गडद तपकिरी कोवळे गरुड तिथे वेगळे मोजले जात. कोवळ्यांचं प्रमाण घटत गेलं ते या नोंदींतूनच दिसलं, आणि पुढे लेखिका रेचल कार्सन यांनी डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध तो पुरावा वापरला.