ॲम्बेसेडर की पद्मिनी, वारा कुणाला जास्त अडवतो? असं मोजा

गोल अंगाची गाडी वारा सहज कापते, हा समज आधी सोडा. फोक्सवॅगन बीटल गोलच, तरी तिचा हवारोध गुणांक (आकार वाऱ्याला किती अडवतो याचा आकडा; जितका कमी तितकं बरं) सुमारे 0.48 भरतो. उलट 1921 ची जर्मन रुंपलर 1979 मध्ये वातबोगद्यात (उभ्या गाडीवर वारा सोडून रोध मोजायची जागा) तपासली तेव्हा 0.28 निघाला. वारा पुढे फाटतो कसा, त्याहून मागे जुळतो कसा, यावर जास्त अवलंबून असतं.

वातबोगदा आपल्याकडे नाही, पण सरळ, सपाट रस्ते आहेत.

आधी गाडी तयार करा. टायरमध्ये सांगितली तेवढीच हवा, कॅरिअर काढलेलं, काचा बंद. एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. मी एकदा हे केलं नाही. मागचा ड्रम ब्रेक चिकटत होता आणि सकाळभर मी दोष वाऱ्याला देत होतो. मग माणसांसकट गाडी जिनिंगच्या धर्मकाट्यावर तोला.

उजाडताना, पऱ्हाटीचं पानही हलत नसताना निघा. लांबवर दिसणारा मोकळा रस्ता निवडा. बंडी, गुरं, माणूस दिसलं की फेरी सोडून द्या. ताशी 85 किमीचा वेग गाठा आणि न्यूट्रल करा. इंजिन चालूच ठेवा, किल्ली फिरवू नका. शेजारच्याने मोबाइलचा जीपीएस बघत दोन वेळा मोजायच्या: 80 वरून 70 ला यायला किती सेकंद, आणि 40 वरून 30 ला किती. जाता-येता मिळून दहा फेऱ्या करा आणि सरासरी काढा, म्हणजे उतार आणि झुळूक दोन्ही कटतात.

आता हिशेब. समजा, वजन 1200 किलो, वेळा 8 आणि 15 सेकंद. वेग 10 किमीने, म्हणजे सेकंदाला 2.78 मीटरने उतरला. वजन गुणिले 2.78 भागिले सेकंद, म्हणजे रोध: 417 आणि 222 न्यूटन. टायरचा रोध दोन्हीकडे जवळपास सारखाच, म्हणून वजाबाकीतले 195 वाऱ्याचे. 75 आणि 35 हे मधले वेग सेकंदाला मीटरमध्ये बदला; त्यांच्या वर्गांतला फरक सुमारे 340. 195 भागिले 340, भागिले 0.6 (हवेच्या घनतेचा अर्धा): साधारण 0.96. गुणांक आणि समोरचं क्षेत्रफळ यांचा हा गुणाकार. पेट्रोल याच आकड्यावर जळतं, म्हणून तुलना याचीच करा.

नुसता गुणांक हवा असेल तर दूरवरून, झूम करून समोरचा फोटो काढा. बंपरशी एक मीटरची काठी उभी ठेवा, फोटो आलेख कागदावर छापा आणि चौकोन मोजा. क्षेत्रफळ 2 चौरस मीटर आलं तर गुणांक 0.48.

मला सगळ्यात आवडतं ते सुताचं काम. बोटभर लांबीचे धागे छतावर आणि मागच्या काचेवर चिकटपट्टीने लावा, मागच्या गाडीतून कुणाला तरी चित्रीकरण करायला सांगा. छतावर धागे सरळ झोपतात. काचेवर जिथे ते थरथरतात, उलटे वर वळतात, तिथे वारा अंगापासून सुटलेला असतो.

दोन्ही गाड्या एकाच सकाळी मोजा. मे महिन्यातल्या 45 अंशांची हवा डिसेंबरच्या पहाटेहून जवळपास दहा टक्के विरळ असते.