मांडव्याहून छोटी बोट मुंबई बंदरात आणायची तर

मांडवा ते गेटवे हे अंतर फार नाही पण मधे मोठ्या जहाजांचा चॅनेल (खोल पाण्याची वाट) आडवा येतो, आणि खरी परीक्षा तिथेच. बाकी सगळं त्यामानाने सोपं.

निघायच्या आधी भरती-ओहोटी बघा. तिथीची पाऊणपट करायचा जुना हिशेब अजून चालतो, अष्टमीला सहाच्या आसपास भरती वगैरे, पण तो अंदाजापुरता, नक्की वेळ टाइड टेबलमधेच बघायची. उधाणाच्या ओहोटीला पाणी नैऋत्येला जोरात ओढतं आणि दुपारी समोरून वारा सुटला की लाट उभी राहते, छोट्या बोटीत कंबर मोडते. सकाळी लवकर निघालेलं बरं.

आता चॅनेल. लाल-हिरव्या बोयांच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांच्या) मधला पट्टा मोठ्या जहाजांचा, ती बाहेर वळूच शकत नाहीत, म्हणून २० मीटरपेक्षा कमी लांबीच्या बोटीने त्यांच्या वाटेत यायचं नाही असा नियमच आहे. शिडाची बोट असली तरी तेच, "शिडाला मान" (इंजिनाच्या बोटीने शिडाच्या बोटीला वाट द्यायची) वगैरे इथे विसरा. बोयांच्या बाहेरून चालत राहा, दोन्हीकडे मोकळं दिसलं की काटकोनात सरळ पार करा, तिरकं जाऊन अंतर वाचवू नका. हिशेब बघा ना, १० नॉटने (तासाला साधारण १८ किलोमीटर) येणारं जहाज मिनिटाला ३०० मीटर कापतं, म्हणजे तीन किलोमीटरवर शांत दिसणारं जहाज दहा मिनिटांत तुमच्यावर. तुम्हाला ५ नॉटने ५०० मीटर पार करायला सव्वातीन मिनिटं लागतात, त्यात इंजिन बंद पडलं तर? म्हणून शंका असेल तर थांबा, त्याच्या मागून जा. कंटेनर जहाजाच्या नाकासमोरचं काही अंतर त्याच्या ब्रिजवरून (जहाज चालवतात त्या खोलीतून) दिसतच नाही, फायबरची बोट रडारवरही नीट उमटेलच असं नाही, रडारवर बोट ठळक दिसावी म्हणून रडार रिफ्लेक्टर लावाच.

तुमच्या बोटीवरून जहाज सारखं त्याच दिशेला दिसतंय आणि ते मोठं होत चाललंय? टक्कर नक्की, लगेच वळा. रात्री लाल-हिरवा दोन्ही दिवे एकदम दिसले तर ते सरळ तुमच्याकडेच येतंय. शहराच्या झगमगाटात हे दिवे हरवतात, नवख्याने रात्री येऊच नये असं माझं मत. पाच छोटे भोंगे म्हणजे "काय चाललंय तुझं", बाजूला व्हा.

बोटीचा व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरवर चालू ठेवा. लाइफ जॅकेट पेटीत नको, अंगावर, १८ डिसेंबर २०२४ च्या नीलकमल फेरीच्या अपघातानंतर तरी हे कुणाला सांगावं लागू नये. बुचर आयलंडच्या तेलाच्या जेट्टीजवळ फिरकायचं नाही, आणि ओहोटीत कुलाब्याच्या टोकाशी प्रॉन्ग्जच्या खडकांकडे ओढले जाताय का ते किनाऱ्यावरच्या मागच्या-पुढच्या दोन खुणा एका रेषेत धरून बघत राहा.

गेटवेपुढे नांगरलेल्या बोटी आणि लाँचेसची गर्दी, वेग अगदी कमी करा. फेंडर (बोटीच्या कडेला बांधायच्या मऊ उशा) आणि दोर आधीच तयार ठेवा, धक्क्याला पाण्याच्या ओढीविरुद्ध तोंड करून लागा, म्हणजे बोट हातात राहते आणि घाईत कुणाला उडी मारायला लागत नाही.