अंगणात बीळ करणारी गांधीलमाशी ओळखायची कशी?

पाऊस सरून जमीन वाळू लागली की कुंड्यांच्या आडोशाला, तुळशीवृंदावनाच्या पायाशी पेन्सिल जाईल एवढी भोकं दिसू लागतात. त्यातून गांधीलमाशी निघाली की घरातलं कुणीतरी उकळतं पाणी नाहीतर रॉकेल घेऊन धावतं. माझी कळकळीची विनंती आहे, आधी अर्धा तास बघा.

१. आधी मोजा. ऊन चढल्यावर दोन-तीन मीटर लांब, एका बाजूला बसा. एका भोकात एकच माशी ये-जा करत असेल तर ती एकांडी. शेजारी दहा भोकं असली तरी प्रत्येकीचं घर वेगळं. घर राखायला ती माणसाच्या अंगावर येत नाही. हाताखाली-पायाखाली चिरडली तरच डंख मारते. मात्र एकाच तोंडातून सतत वर्दळ दिसली तर हळूच मागे व्हा. काळ्या अंगाची, पोटावर रुंद नारिंगी-पिवळा पट्टा असलेली मोठी गांधील जमिनीतही पोळं करते आणि डिवचली तर झुंडीनं येते. तिथे निरीक्षण नको, जाणकाराला बोलवा. डंखानंतर चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर लगेच दवाखाना गाठा.

२. पायात काय आहे ते बघा. रंगापेक्षा शिकारीवरून ओळख लवकर पटते. नाकतोडा असेल तर स्फेक्स. बिनकेसाची अळी आणि दोऱ्यासारखी बारीक कंबर असेल तर अमोफिला. कोळी ओढत नेत असेल तर कोळीमार गांधील. रेतीत घरमाशीसारख्या माशा आणून टाकणारी बेंबिक्स. ओल्या मातीची गोळी उचलून उडून जाते ती कुंभारीण. तिचं घर भिंतीवर असतं, तिला बिळाशी शोधू नका.

स्फेक्स दिसली तर हलू नका. डंखानं लुळा केलेला नाकतोडा ती बिळाच्या तोंडाशी ठेवते, एकटी आत जाऊन येते, मग नुसतं डोकं बाहेर काढून त्याला मिशांना धरून आत ओढते. मी हे कितीदा पाहिलंय, तरी दर वेळी श्वास रोखला जातो.

३. खुणा हलवून बघा. प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक निको टिनबर्गेन यांनी नेदरलँड्समध्ये मधमाश्या धरणाऱ्या एकांड्या गांधिलीच्या बिळाभोवती पाइनच्या बोंडांचं कडं मांडलं, तिला त्याची सवय होऊ दिली आणि ती बाहेर गेल्यावर कडं बाजूला सरकवलं. परतलेली माशी बीळ सोडून कड्याच्या मधोमध उतरली, म्हणजे घर ती भोवतालच्या खुणांवरून शोधते. बोंडांऐवजी खडे घ्या. एकदा पाहून झालं की खडे लगेच जागेवर ठेवा, नाहीतर तिची फरफट होते.

४. जागा राखा. तारीख, वेळ, शिकार टिपून ठेवा. बीळ बुजलेलं दिसलं म्हणजे ते रिकामं झालं असं नाही. आत अंडं आणि त्याची शिदोरी असते. तेवढ्या वीतभर जागेला काही महिने कुदळ लावू नका.