जुन्या साड्यांची गोधडी शिवताना या चुका टाळा

गोधडी शिवून पूर्ण होते तेव्हा ती जवळजवळ नेहमीच चांगली दिसते. तिच्यातले दोष पहिल्या धुण्यानंतर वर येतात. एक थर आटतो, दुसरा आटत नाही. एकाचा रंग दुसऱ्यावर उतरतो. विरलेला भाग पाण्याच्या वजनाने फाटतो. पेटीत वर्षानुवर्षे साठवलेल्या साड्या, धोतरे, परकर आणि ब्लाउजपीस एकत्र करताना आपण रंगसंगतीचा विचार फार करतो, पण हे सगळे कापड पाण्यात एकसारखे वागेल का, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या एकाच दुर्लक्षातून होतात.

सगळे सुतीच आहे, असे गृहीत धरणे

आईची किंवा आजीची साडी म्हणजे सुतीच असणार, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात नायलॉन, टेरिकॉट आणि पॉलिएस्टर आपल्या घरांत येऊन कित्येक दशके झाली आहेत, आणि बऱ्याच वेळा धुतलेली टेरिकॉटची साडी हाताला सुतीसारखीच लागते. मी शिवलेल्या पहिल्या गोधडीत असा एक थर नकळत मधोमध गेला होता. दोन धुण्यांनंतर वरचे आणि खालचे सुती थर आटले, मधला तेवढाच राहिला आणि त्याचे फुगवटे टाक्यांच्या ओळींमधून कायमचे वर आले. यावर नंतर उपाय नसतो. ओळी उसवून तो थर काढावाच लागतो.

शंका असेल तेथे साडीच्या आतल्या टोकाचे चार-पाच धागे ओढून, पाण्याची वाटी जवळ ठेवून, चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि बोटांत चुरडणारी मऊ राख मागे ठेवतो. पॉलिएस्टर वितळते आणि गार झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. राखेत खडे लागले, तर कापड मिश्र आहे असे समजावे. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. एका गोधडीत एकाच जातीचे कापड घ्यावे आणि कृत्रिम धाग्याच्या साड्या पिशव्यांसाठी बाजूला ठेवाव्यात.

न धुता कापणे

कधीही न नेसलेली साडी आणि वीस वर्षे धुतलेली साडी या दोन्ही सुती असल्या, तरी आटण्याच्या बाबतीत त्या सारख्या नसतात. जुनी साडी आटायची तेवढी आटलेली असते, कोरी मात्र पहिल्या पाण्यात आटते. म्हणून कोरे कापड दोनदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच जुन्याबरोबर ठेवावे. साडीचा फॉल आणि पिकोचा दोरा आधी उसवून काढावा, कारण फॉलची पट्टी राहिली तर तेवढ्या भागात थर जाड होतो आणि सुई अडते. फॉलखालचे कापड मात्र बहुधा सर्वांत कमी झिजलेले असते, तेव्हा ते कापून टाकू नये.

रंगाची परीक्षा याच वेळी करावी. गडद साडीचा कोपरा कोमट साबणाच्या पाण्यात, पांढऱ्या सुती चिंधीबरोबर अर्धा तास भिजवावा. चिंधी रंगली, तर ती साडी पुन्हा पुन्हा धुवावी, आणि चौथ्या-पाचव्या पाण्यालाही रंग सुटत असेल, तर पांढऱ्या धोतराशेजारी तिला जागा देऊ नये. मिठाच्या पाण्यावर विसंबू नये. कापड रंगवतेवेळी रंग धाग्यात शिरावा म्हणून मिठाचा उपयोग होतो. तयार कापडातला सुटा रंग ते बांधून ठेवत नाही. तयार गोधडीत रंग उतरलाच, तर ती वाळू देऊ नये. ओली असतानाच भरपूर गार पाण्यात खळबळत राहावे आणि डाग जाईपर्यंत ऊन व इस्त्री दोन्ही दूर ठेवावीत.

जीर्ण भाग ओळखता न येणे

कापड उजेडासमोर धरावे, म्हणजे कसर लागलेली छिद्रे आणि विरलेले पट्टे दिसतात. खळ असलेल्या कापडाला कसर लवकर लागते, त्यामुळे स्टार्च करून ठेवलेल्या साड्या विशेष काळजीने पाहाव्यात. मग दोन्ही अंगठे शेजारी धरून कापड ताणावे. ते चरचरले, तर तो भाग वरच्या थरासाठी निकामी आहे, आतल्या थरात मात्र चालेल. साडी वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिली असेल, तर घडीच्या रेषेवर ती सर्वांत आधी फाटते. ती रेषा चौकोनाच्या मधोमध येऊ देऊ नये.

फार लहान तुकडे करणे

ही चूक उत्साहातून होते आणि कापड वाया घालवते. 10 सेंटिमीटरच्या चौकोनाला चारही बाजूंनी 1 सेंटिमीटर माया (शिवणीसाठीचे जादा कापड) सोडली, तर दिसणारा चौकोन 8 सेंटिमीटरचा उरतो, म्हणजे शंभरातले 36 भाग कापड शिवणीत जाते. तोच चौकोन 20 सेंटिमीटरचा घेतला, तर 19 भागच जातात. शिवाय विरलेल्या कापडाच्या लहान तुकड्यांचे धागे सुटतात आणि माया अपुरी पडते. साठा मोठा असेल, तर अखंड साडीचाच विचार करावा. साडेपाच मीटरच्या साडीचे मधोमध दोन तुकडे केले, तर एका माणसाच्या गोधडीचे दोन थर होतात. तेच तुकडे काठाला काठ जोडले, तर दुहेरी पलंगाचा एक थर होतो.

मधोमध चुण्या येणे

आपल्याकडे धावदोरा कडेने सुरू करून आत आत नेण्याची रीत आहे. ती सुंदर दिसते, पण थर आधी पक्के बांधलेले नसले, तर सगळे सैल कापड सरकत मध्यभागी येते आणि शेवटच्या ओळींत अडकते. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजातल्या स्त्रियांची कवंदी नावाची गोधडी अशीच कडेकडून आत शिवली जाते. मात्र वरचे तुकडे त्या शिवत जातानाच एकेक करून ठेवतात, त्यामुळे वरच्या थरात सैलपणा साचायला वावच राहत नाही. कवंदीच्या कोपऱ्यांना लावलेली घडीची ‘फुले’ही पाहण्यासारखी असतात. ज्यांना वर अखंड साडीच हवी आहे, त्यांनी थर जमिनीवर ताणून पसरावेत, तळहाताने मधून कडेकडे सारखे करावेत आणि मध्यापासून बाहेरच्या दिशेने वीतभर अंतरावर कच्चे टाके घालावेत. धावदोऱ्याच्या दोन ओळींत बोटभर अंतर पुरे. चार बोटे अंतर ठेवले, तर आतले जीर्ण थर धुताना सरकून गोळा होतात. दोरा सुतीच घ्यावा, कारण पॉलिएस्टरचा चिवट दोरा विरलेल्या कापडाला कापत जातो.

मशीनवर शिवणाऱ्यांची अडचण वेगळी असते. मशीनचे दाते खालचे कापड पुढे ओढतात आणि वरचे दाबपट्टीखाली मागे राहते, त्यामुळे ओळीच्या शेवटी वरचा थर लांब भरतो. तीन-चार थरांपर्यंत 16 नंबरची सुई, लांब टीप आणि शक्य असल्यास वॉकिंग फूट (वरचा थरही खालच्याबरोबर पुढे सरकवणारी दाबपट्टी) वापरावा. त्याहून जाड गोधडी हातानेच शिवावी.

बाळाच्या दुपट्यात निष्काळजीपणा

दुपट्यासाठी जुनी मऊ साडी वापरण्याची रीत योग्यच आहे, पण ती डांबरगोळ्यांमधून काढून थेट शिवू नये. या गोळ्यांतल्या नॅप्थलिनमुळे काही नवजात बालकांच्या, विशेषतः जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्यांच्या, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढू शकते. नॅप्थलिन पाण्यात फारसे विरघळत नसल्याने नुसते धुणे पुरत नाही. कापड कित्येक दिवस उघड्या हवेत पसरून ठेवावे, मग धुवावे, आणि तरीही वास येत असेल, तर ते बाळासाठी वापरूच नये. जरीचा काठ, टिकल्या आणि हुक काढून टाकावेत.

वजनाचा अंदाज न घेणे

साठा संपवायचा म्हणून सात-आठ साड्या एकाच गोधडीत घालण्याचा मोह होतो. एका सुती साडीचे वजन साधारण अर्धा किलो धरले, तरी ती गोधडी चार किलोंची होते, आणि भिजल्यावर तिला एकट्याने बादलीतून उचलणे कठीण जाते. पावसाळ्यात ती आतून वाळत नाही आणि तिला कुबट वास येतो. त्यापेक्षा चार साड्यांच्या दोन गोधड्या कराव्यात. धुतल्यावरही ओली गोधडी एका दोरीवर लोंबकळत ठेवू नये, कारण सगळे वजन एकाच रेषेवर येऊन टाके तुटतात. हातभर अंतरावरच्या दोन समांतर दोऱ्यांवर ती आडवी पसरावी आणि दुपारी एकदा उलटावी.