लिलव्याच्या तोडणीआधी तुवेरीचं बियाणं राखा

वडोदरा, पादरा, डभोई, करजण भागात मध्यम मुदतीची तूर (तुवेर) दिवाळीच्या सुमारास फुलावर येते आणि पौषात लिलव्याची, म्हणजे ओल्या हिरव्या दाण्यांच्या शेंगांची, तोडणी जोरात चालते. पहिल्या बहराच्या टपोऱ्या शेंगा वडोदऱ्याच्या खंडेराव मार्केटात जातात. मागे उरलेल्या, उशिरा धरलेल्या, अळीने कुरतडलेल्या शेंगा झाडावर वाळतात आणि त्याच पुढच्या वर्षी पेरल्या जातात. मग घरचा वाण ‘उतरला’ म्हणायचं!

दुसरं कारण मधमाश्या. तुरीचे परागकोश कळीतच फुटतात, तरी मधमाश्यांमुळे परपरागण होतंच, बऱ्याचदा 20 टक्क्यांच्या आसपास. शेजारी दुसरा वाण असेल तर 200 मीटर अंतर हवं. लहान शेतात ते जमत नाही, म्हणून कळ्यांच्या फांद्यांना पिशव्या बांधायच्या.

कळ्या धरताच बियाण्यासाठी 50 तरी झाडं निवडून त्यांना लाल दोरा बांधा. बांधाकडच्या दोन ओळी सोडा. तिथली झाडं मोकळ्या जागेमुळे फोफावतात, वाणाच्या गुणामुळे नव्हे. बुंध्यापासून वर जांभळट पट्टा दिसला तर ती मर, झाड वाळवणारा बुरशीचा रोग. पानं बारीक, फिकट चट्ट्यांची आणि झाड हिरवंगार पण फुलांविना, तर तो वांझ रोग. दोन्ही वगळा. प्रत्येक झाडाच्या दोन-तीन फांद्यांवरची उमललेली फुलं आणि शेंगा खुडा, अळी नीट झटका, मग मलमलची पिशवी सैल बांधा. आत एक घाटेअळी राहिली तरी पिशवीभर कळ्या फस्त करते. शेंगा धरल्या की पिशवी काढून त्या शेंगांना दोरा बांधा. त्या फांद्या लिलव्यासाठी तोडायच्या नाहीत हे तोडणीच्या मजुरांना आधीच दाखवून ठेवा.

मर लागलेल्या पट्ट्यात तगलेलं झाड सोन्याचं, पण कदाचित ते नुसतं वाचलेलं असेल. त्याचं बी वेगळं ठेवून पुढच्या खरिपात त्याच पट्ट्यात 20 दाण्यांची ओळ लावा, शेजारी हमखास मरणाऱ्या वाणाची. शेजारची ओळ मेली आणि ही उभी राहिली, तरच विश्वास ठेवा. देशी वाणातून निवड करूनच ‘मारुती’ हा मर-प्रतिकारक वाण निघाला; वांझ रोगाला मात्र तो बळी पडतो. हैदराबादजवळच्या पाटनचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या जनुकपेढीत तुरीचे 13,000 हून जास्त नमुने जपले आहेत ते अशाच गुणांसाठी. वेगळा वाण हाती असेल तर वडोदऱ्याच्या मॉडेल फार्मवरच्या कडधान्य संशोधन केंद्रात दाखवा.

प्रत्येक झाडाच्या सारख्याच शेंगा घ्या, म्हणजे एकाच झाडाचं बी भारी पडत नाही. दाणा दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत वाळवा. चेपला तर ओल आहे. भुंग्याची अंडी शेतातूनच बियाबरोबर येतात. ती मारायला कोरडं बी घट्ट बरणीत भरून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर बरणी दिवसभर उघडू नका, नाहीतर गार दाण्यांवर दव धरतं. आणि सगळं बी एकाच पावसात पेरू नका, चौथा हिस्सा मागे ठेवा.