डोमेन जोडलं, तरी साइट उघडत नाही? या चुका टाळा

डीएनएस म्हणजे डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी व्यवस्था. “डीएनएसला ४८ तास लागतात, थांबा” हे ऐकून बरेच जण दोन दिवस नुसती वाट पाहतात आणि मग कळतं, रेकॉर्डच (डीएनएसमधली नोंद) चुकला होता. थांबण्याआधी एनएसलुकअप किंवा डिग कमांडने थेट डोमेनच्या नेमसर्व्हरला (त्याचे रेकॉर्ड ठेवणाऱ्या सर्व्हरला) विचारा. तिथे नवं उत्तर येत असेल, तर जुन्या उत्तराचा टीटीएल (ते किती सेकंद साठवून ठेवायचं ती मुदत) संपायचाच प्रश्न उरतो; ३६०० म्हणजे एक तास. तिथेच उत्तर चुकीचं असेल, तर महिनाभर थांबूनही काही होणार नाही.

उत्तरच येत नसेल, तर बहुधा रेकॉर्ड एका कंपनीच्या पॅनलमध्ये भरलाय आणि नेमसर्व्हर दुसऱ्याच कंपनीचे आहेत. नाहीतर होस्टच्या रकान्यात नुसतं ‘ॲप’ लिहायचं सोडून अख्खं नाव टाकलंय. बरीच पॅनलं डोमेन स्वतःच मागे जोडतात, मग ते दोनदा लागतं.

सबडोमेनला सीनेम, म्हणजे एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारा रेकॉर्ड, ठीक. मूळ डोमेनवर मात्र तो चालत नाही: सीनेम असलेल्या नावाला दुसरे रेकॉर्ड ठेवता येत नाहीत आणि मूळ नावावर एनएस (नेमसर्व्हर कोणते ते सांगणारा) व एसओए (डोमेनच्या नोंदींची मूळ माहिती देणारा) हे रेकॉर्ड असावेच लागतात. तिथे एलियास किंवा सीनेम फ्लॅटनिंग (मूळ डोमेनवर सीनेमसारखंच काम करणाऱ्या सोयी) वापरा. काही जण होस्टिंगच्या पत्त्याला पिंग करून मिळालेला आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) ‘ए’ रेकॉर्डमध्ये, म्हणजे नावाला आयपी जोडणाऱ्या रेकॉर्डमध्ये, डकवतात. हे करू नका, क्लाउडमधला तो आयपी उद्या बदलू शकतो. होस्टिंगवाल्यांनी स्वतः दिलेलाच आयपी टाका.

सगळ्यात छळणारा प्रकार म्हणजे तुम्हाला नवी साइट दिसते आणि मित्राला मोबाइलवर जुनी. असं झालं की जुना एएएए रेकॉर्ड (आयपीव्ही६ या नव्या प्रकारच्या आयपीचा) राहिलाय का ते बघा. आयपीव्ही६ वर असलेले लोक त्याच वाटेने जुन्या सर्व्हरवर जातात.

साइट उघडते पण सुरक्षा प्रमाणपत्राची चूक दाखवते? होस्टिंगच्या सेटिंगमध्ये डोमेन नोंदवलंय ना, आणि सीएए रेकॉर्ड (प्रमाणपत्र कोण देऊ शकतं ते ठरवणारा) प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला अडवत नाही ना, हे पाहा. सारखं रीडायरेक्ट होत असेल, तर मधला सीडीएन (साइट वाचकाच्या जवळून पुरवणारी सेवा) सर्व्हरशी साध्या एचटीटीपीने बोलतोय आणि सर्व्हर त्याला पुन्हा एचटीटीपीएसकडे पाठवतोय, असं असू शकतं.

नेमसर्व्हर बदलणार असाल, तर आधी एमएक्स (मेल कुठे पोचवायची ते सांगणारा) आणि टीएक्सटी (मेलची खातरजमा वगैरेंचा मजकूर ठेवणारा) रेकॉर्डही नव्या जागी उतरवून घ्या, नाहीतर साइट चालेल आणि मेल बंद पडेल. डीएनएसएसईसी (डीएनएसची उत्तरं खरी आहेत ना, हे सहीने तपासणारी सोय) चालू असेल, तर रजिस्ट्रारकडचा (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडचा) जुना डीएस रेकॉर्ड, म्हणजे त्या सहीच्या किल्लीची खूण, आधी काढा आणि त्याचा टीटीएल संपू द्या.